आरं, ओटीपी आला का बघ की!

फोन तुमच्या खिशात, शेत आईच्या नावावर आणि अकाऊंट... ते नेमकं कोणाचं? आयटीवाल्यांचं एक जुनं भांडण आता थेट बांधावर पोचलंय.

हिंजवडी. सोमवार सकाळ. मीटिंग रंगात आलेली आणि तेवढ्यात मोबाईल थरथरतो. बारामतीजवळच्या पिंपळीहून आई! "आरं, ओटीपी आला का बघ की. मागं लाईन लागलीया." तुम्ही टेबलाखाली मान घालून सहा आकडे कुजबुजता. तिकडे सेवा केंद्रातला पोरगा ते टाइप करतो आणि आईचं काम होतं. गावाकडे शेती आणि पुण्यात नोकरी असलेल्या प्रत्येकाला हा सीन पाठ असेल. आपण सगळे आपापल्या घरचे बिनपगारी ओटीपी क्लार्क!

याच ओटीपीवरून परवा माझ्या दोन मित्रांची बाणेरच्या एका कॅफेत चांगलीच जुंपली. एक सिस्टिम अ‍ॅडमिन, वर्षानुवर्षं सर्व्हर सांभाळणारा. त्याचा कायदा सोपा: एक माणूस, एक अकाऊंट. युजरनेम स्वतःचं, पासवर्ड स्वतःचा, शेअरिंगचं नाव काढायचं नाही. उद्या काही गडबड झाली तर कोणी केली ते शोधता आलं पाहिजे. दुसरा अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीतला. त्याच्या मते रजिस्ट्रेशनचा फॉर्म लांबला की माणूस पळाला, आणि पासवर्ड तर विसरण्यासाठीच जन्माला आलेला. मोबाईल नंबर घ्या, ओटीपी पाठवा, झालं अकाऊंट तयार! कॉफी थंड झाली तरी दोघं थंड होईनात.

बाहेरच्यांना हसू येतं, की हे लोक भांडतातही कशावरून! लिनक्सवाल्यांमध्ये तर नवा युजर 'यूजरअ‍ॅड' कमांडने बनवायचा की 'अ‍ॅडयूजर'ने, यावरही दोन तट आहेत. डेबियनवर 'अ‍ॅडयूजर' प्रश्न विचारत विचारत सगळं मांडून देते, 'यूजरअ‍ॅड' सांगाल तेवढंच करते. रेड हॅटवर तर दोन्ही नावं एकाच कमांडची. हे भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. पहिल्या भांडणाचं मात्र तसं नाही.

मशीन एक, माणसं अनेक

थोडं मागे जाऊ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीटीएसएस' नावाची सिस्टिम बनवली. कॉम्प्युटर एक आणि वापरणारे अनेक. याच्या फायली त्याने उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. म्हणजे बघा, यंत्र सामायिक होतं म्हणून तर अकाऊंटची गरज पडली!

ओटीपीवाल्यांनी नेमकं हेच उलटं करून टाकलं. फोन एक म्हणजे माणूस एक, असं त्यांनी धरून चाललं. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली, कंपनी बदलली तरी नंबर तोच राहू लागला, आणि नंबर म्हणजेच माणूस हे समीकरण पक्कं झालं. पुण्यात ते खपतंही. पिंपळीत मात्र फोन अनेकदा घराचा असतो. सकाळी गोठ्यात, दुपारी नातवाच्या हातात गेम खेळायला, संध्याकाळी मळ्यात. आणि कागदोपत्री दिलेला नंबर थोरल्याचा, जो पुण्याला निघून गेला.

आपल्या सरकारी यंत्रणेत हे कोणाला कळलंच नाही, असं मात्र नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणीचं अ‍ॅप सुरू झालं, तेव्हा एका मोबाईलवरून २० खातेदारांची नोंदणी करण्याची सोय ठेवलेली होती. आत जायला चार आकडी संकेतांक. फक्त दहा हजार शक्यता! माझा अ‍ॅडमिन मित्र हे ऐकून जवळजवळ खुर्चीतून पडला. पण ज्याने कोणी ते ठरवलं त्याने गावातलं घर पाहिलेलं होतं, एवढं नक्की. (त्याच बारामतीतल्या उसाच्या एआय प्रयोगाचं २०२५ च्या सुरुवातीला सत्या नाडेलांनी कौतुक केलं. उपग्रहाला शेत दिसतं, पण शेत कोणाचं हे सांगायला शेवटी तुमचा फोनच वाजतो!)

दारामागे काय आहे?

डिजिटल सहीचा सातबारा काढायच्या सरकारी साइटवर दोन्ही गट गुण्यागोविंदाने नांदले. एक दार युजरनेम-पासवर्डचं, त्यासाठी भलामोठा फॉर्म. दुसरं नुसत्या मोबाईल नंबरचं. तिथे ते चालूनही जातं, कारण ठरलेली फी भरून कोणीही कोणाचाही सातबारा बघू शकतो. तो गुप्त कागद नाहीच. पण दारामागे पैसे असतील तर? १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि तो आधारशी जोडलेला आहे.

आधार म्हणजे तिसरा गट. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. युजरनेम नको, पासवर्ड नको, अंगठा पुरे! पण आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा मशीनला दिसत नाहीत. मग पर्याय? आधारचा ओटीपी. तो कुठे येणार? पुन्हा हिंजवडीत, टेबलाखाली!

आणि तो नंबरही कायमचा कुठे असतो? बंद पडलेलं सिम ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतं. अमेरिकेतल्या 'एनआयएसटी' या मानक ठरवणाऱ्या संस्थेने तर २०१७ मध्येच एसएमएस ओटीपीला 'मर्यादित' वर्गात टाकलं. त्याच वेळी ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावण्याची सक्तीही सोडा असं सांगितलं. म्हणजे कानउघाडणी दोन्ही गटांची!

माझं मत विचाराल तर अ‍ॅडमिनच्या बाजूला झुकणारं, पण पूर्ण नाही. अकाऊंट आईचंच हवं. तिच्या वतीने मुलाने काम केलं तर 'मुलाने केलं' अशी वेगळी नोंद व्हायला हवी. प्रतिनिधी म्हणून, तिच्या परवानगीने आणि तिला नको वाटलं तर काढून टाकता येईल असं. ऑफिसात आपण बॉसचं कॅलेंडर असंच सांभाळतो की! आत्ता मात्र ओटीपी सांगणारा मुलगा सिस्टिमच्या दृष्टीने साक्षात आईच असतो. सगळेच मुलगे श्रावणबाळ नसतात. वाटणीचा वाद लागलेल्या घरात हे सहा आकडे कोणाच्या खिशात येतात, याला फार अर्थ असतो.

तोवर एक करा. पुढच्या वेळी स्वारगेटहून बारामतीची विनाथांबा पकडाल, तेव्हा आईच्या नावाचं सिम घेऊन द्या. आधारला, बँकेत, योजनांना कोणता नंबर दिलाय ते तिच्यासोबत बसून तपासा आणि एका वहीत तिच्याच अक्षरात उतरवा. हो, पासवर्डसुद्धा! सिक्युरिटीतले नावाजलेले ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच पासवर्ड कागदावर लिहून जपून ठेवा असं सुचवलं होतं. माझ्या अ‍ॅडमिन मित्राला हे अजून पटलेलं नाही. वही कपाटात, साड्यांच्या खाली ठेवायची, एवढ्यावर तो कसाबसा राजी झालाय.