एका थेंबाची विद्या

ज्ञानवृक्ष एकच, त्याच्या शाखा मात्र अनेक, असे आपण स्नेहसंमेलनातील भाषणांत नेहमी ऐकतो. ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. मीही तसाच घरी जात असे. मी कलाशाखेचा पदवीधर. भाषा आणि इतिहास हे माझे विषय. पेशीशास्त्र, यंत्रविद्या, वैद्यक ह्यांच्या वाटेला मी कधी गेलो नव्हतो. त्या वाटेवर मला नेले ते एका विद्यार्थ्याने, आणि तेही माझ्या हातून त्याच्यावर अन्याय घडल्यानंतर.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, माझ्या वर्गात एक अबोल मुलगा होता. थंडी पडू लागली की त्याचे खाडे सुरू होत. गुडघे दुखतात, पाठ दुखते, असे तो सांगे. परंतु अंगावर ना जखम, ना सूज. एका तासात दोन-तीनदा तो पाणी पिण्यासाठी परवानगी मागे. मी त्याला कामचुकार ठरवून मोकळा झालो. पौषातल्या एका सकाळी तो कवायतीला उशिरा आला, म्हणून मी त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारावयास सांगितले. तिसऱ्या फेरीत तो मटकन खाली बसला आणि दोन्ही गुडघे पोटाशी धरून कण्हू लागला. त्याला दवाखान्यात नेले, त्याचे रक्त तपासले गेले, आणि 'सिकलसेल' हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला. तो मुलगा बरा होऊन वर्गात परत आला. मी मात्र पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. त्याच्या दुखण्याला खोटे म्हणण्यापूर्वी मी काय जाणत होतो? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, समजून घेतले, ते ह्या लेखात आपणांसमोर ठेवीत आहे.

प्रथम पेशीशास्त्र काय सांगते ते पाहू. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, म्हणजे एक घन मिलिमीटर एवढ्या रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. निरोगी तांबडी पेशी मध्ये किंचित दबलेल्या वाटोळ्या चकतीसारखी असून अत्यंत लवचीक असते. ती ज्या केशवाहिन्यांतून जाते, त्यांतील कित्येक तिच्याहूनही अरुंद असतात; तरी अंग चोरून ती पलीकडे निघून जाते. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिचे काम एकच : फुप्फुसातील प्राणवायू उचलावयाचा आणि शरीराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पोहोचवावयाचा. हे ओझे वाहणाऱ्या प्रथिनाला हिमोग्लोबिन म्हणतात. ते चार साखळ्यांचे बनलेले असते आणि अमिनो आम्ले हे त्या साखळ्यांतील मणी होत. ह्यांतील 'बीटा' नावाच्या साखळीत १४६ मणी असतात. त्यांतील सहाव्या जागी 'ग्लुटामिक आम्ल' हा मणी असावयास हवा. सिकलसेलमध्ये तेथे 'व्हॅलिन' हा दुसराच मणी ओवला जातो. चूक एवढीच! परंतु तिच्यामुळे, प्राणवायू उतरवून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोर तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते, आणि अरुंद वाटेत अडकून मागच्यांचाही रस्ता अडवते. जेथे रक्त पोहोचत नाही, तेथे असह्य वेदना होतात. शिवाय अशी पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच नाश पावते, म्हणून रुग्णाच्या अंगी रक्त कमी. थंडी, तहान, ताप आणि अतिश्रम ह्यांनी हा वेदनेचा झटका ओढवतो. थंडीच्या सकाळी मी त्या मुलाला धावावयास लावून नेमके काय केले होते, हे आता आपल्या ध्यानी येईल. तो पुनःपुन्हा पाणी का मागत होता, तेही येईल.

ही उकल एका दिवसात झाली नाही. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक ह्यांनी एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तातील ह्या विळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले, आणि रोगाचे मूळ थेट एखाद्या रेणूत असू शकते हा विचार वैद्यकात रुजला. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्राम ह्यांनी तो चुकलेला एक मणी शोधून काढला. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली नीलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत आढळला. त्यानंतर मध्य भारताच्या पट्ट्यात तो सर्वत्र दिसू लागला. आपल्या आदिलाबादच्या रानांत आणि शेजारच्या चंद्रपूर, गडचिरोली भागांत तो आहे. गोंडांत आहे, तसाच विदर्भातील अन्य कित्येक समाजांतही आहे.

येथे एक शंका साहजिक येते. असा घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? १९५४ साली अँथनी ॲलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून ह्याचे उत्तर दिले. प्रत्येकाला ह्या जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोन्ही प्रती सदोष असल्या तरच रोग होतो. एकच सदोष असेल, तर तो मनुष्य केवळ 'वाहक' असतो. तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो, आणि तीव्र हिवतापापासून त्याला बरेच संरक्षणही मिळते. म्हणजे जेथे हिवतापाने मुले दगावत, तेथे हा दोष वाहकांच्या पाठीवरची ढाल झाला होता. म्हणून सिकलसेल हे कोणाच्या पापाचे फळ नव्हे, कोणा जातीचा कलंक नव्हे. रानात राहून आपल्या पूर्वजांनी हिवतापाशी जी झुंज दिली, तिची ती खूण आहे.

मात्र दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत रोग असण्याचा संभव चारांत एक, वाहक असण्याचा चारांत दोन आणि पूर्ण मुक्त असण्याचा चारांत एक असा असतो. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तिन्ही सुटली', असा हिशेब काही जण करतात. तो चुकीचा आहे. प्रत्येक जन्माला फासा नव्याने पडतो.

आता यंत्रविद्येकडे वळू. दोष ओळखावयाचा तर रक्त तपासले पाहिजे, आणि मोठी यंत्रे शहरांत, तर रुग्ण रानात. हे अंतर तोडण्याचा यत्न अभियंत्यांनी केला आहे. बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब, एक लहानशी कागदी पट्टी आणि काही मिनिटांचा अवधी, एवढ्यावर सिकलसेलची प्राथमिक परीक्षा आता गावातच होऊ शकते; पक्का निर्णय मोठ्या यंत्रावर करतात. साधनांची गरिबी ही बुद्धीला आव्हान कशी ठरते, ह्याचे दुसरे उदाहरण तर आपणांस फारच आवडेल. बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून, तो दोन्ही हातांनी ओढून-सोडून गरगर फिरवण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले व अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे संशोधन करणारे मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्याच खेळाचे गणित मांडले, आणि २०१७ साली कागद व दोरा ह्यांचे एक चक्र प्रसिद्ध केले. त्याचा वेग मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत जातो! रक्तातील घटक वेगळे करण्यासाठी प्रयोगशाळेत विजेचे जड यंत्र लागते. हे चक्र विजेवाचून तेच काम करते, आणि त्याची किंमत अवघी २० अमेरिकी सेंट.

तिसरे शास्त्र वैद्यक. सिकलसेलवर काही इलाज नाही, असे अजूनही पुष्कळ लोक समजतात. ते खरे नाही. लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्याने प्राणघातक संसर्ग पुष्कळच टळतात, हे १९८६ साली सिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नेमाने घेतल्यास वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी होतात, हे १९९५ साली प्रौढ रुग्णांवरील अभ्यासाने दाखवून दिले. ह्या औषधामुळे शरीरात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि ते पेशीला वाकू देत नाही. मध्य भारतातील मुलांना हे औषध कमी मात्रेत दिले तरी गुण येतो का, ह्याचा अभ्यास नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि अनुकूल निष्कर्ष मांडला. आपल्या शेजारी चंद्रपूर येथेही रक्तातील अशा दोषांच्या संशोधनाचे केंद्र २०२२ साली राष्ट्राला अर्पण झाले आहे.

ह्याच्याही पुढचे पाऊल म्हणजे जनुकातच दुरुस्ती. 'क्रिस्पर' ह्या तंत्राने जनुकाची साखळी हव्या त्या जागी छेदता येते. त्याबद्दल एमान्युएल शारपेंतिए व जेनिफर डाउडना ह्या दोन विदुषींना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जवळजवळ बंद करणारी एक कळ आपल्या शरीरात असते. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळपेशी बाहेर काढून क्रिस्परने ती कळ निकामी करावयाची व पेशी परत शरीरात सोडावयाच्या, अशी ही चिकित्सा आहे. तिला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. पुरेसा काळ लोटलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही तीव्र झटका आला नव्हता. परंतु अमेरिकेत तिची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली! म्हणून दिल्लीच्या सी.एस.आय.आर. च्या संस्थेने स्वदेशी जनुकचिकित्सा विकसित करण्याचे काम हाती घेतले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात 'बिरसा १०१' ह्या नावाने ते देशासमोर आले. बिरसा मुंडांचे स्मरण त्या नावात आहे.

येथवरची तीन शास्त्रे ऐकून आपण म्हणाल, मग राहिले काय? राहिले ते चौथे आणि मला सर्वांत अवघड वाटणारे : नेतृत्व. औषध जोवर गावाच्या वेशीत शिरत नाही, तोवर संशोधन हे केवळ कागद. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ पासून गडचिरोलीत कार्य करीत आहे. आरंभीच्या काळात त्यांनी तेथे सिकलसेलचे संशोधन केले. परंतु लोकांनी त्यात फारसा रस दाखवला नाही. तेव्हा लोकांना दोष न देता त्यांनी स्वतःलाच प्रश्न केला : हा विषय निवडला कोणी, लोकांनी की आपण? पुढे त्यांनी लोकांनाच विचारले, आणि इस्पितळाचे भय का वाटते, तेही ऐकून घेतले. मग शोधग्राम येथे आदिवासी खेड्याच्या धर्तीवर दवाखाना उभा राहिला व त्याला लोकांच्या श्रद्धास्थानाचे, माँ दंतेश्वरीचे, नाव देण्यात आले. आज्ञा करण्यापूर्वी जो ऐकतो, तोच पुढारी, हा धडा मी त्यातून घेतला. मी त्या मुलाला आज्ञा केली होती. ऐकले मात्र नव्हते.

आपल्या परिसरालाही हा धडा नवा नाही. १९४० साली कुमराम भीम ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावानंतर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ ह्या डोंगरांत येऊन राहिले. १९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण सुरू झाले आणि मुलांसाठी देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. ज्ञान आपल्या घरच्या बोलीत आले, म्हणजे त्याचे भय उरत नाही. माझ्या घरी कोकणी बोलतात. लहानपणी माझ्या आजीचा आजार डॉक्टर दुसऱ्या भाषेत सांगत, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उमटणारी भीती मी पाहिली आहे. तोच आजार आईने कोकणीत सांगितला की ती निम्मी बरी होई.

२०२३ साली, १ जुलै रोजी, मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. १७ राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे ध्येय असून आपले तेलंगणही त्यात आहे. परंतु अभियान दिल्लीत आखले गेले, तरी ते उटनूरच्या वाड्या-गुड्यांत पोहोचवणार कोण? माझ्या मते, आपण विद्यार्थीच.

म्हणून मित्रहो, एवढे करा. तपासणीस आलेल्या ताईंना चुकवू नका, बोट पुढे करा. आपण वाहक आहोत असे कळले, तर लाजू नका; ते पत्रक जपून ठेवा आणि पुढे विवाहाच्या वेळी उघडपणे दाखवा. हा लेख घरी आजीला गोंडीत, तेलुगूत, मराठीत, जी तिची भाषा असेल तीत, समजावून सांगा. आणि वर्गातील एखादा सोबती थंडीत अंग दुखते म्हणाला, तर त्याला हसू नका. त्याला पांघरूण द्या, पाणी द्या आणि दवाखान्यात न्या.

माझ्या वर्गात आता पाणी पिण्यासाठी परवानगी मागावी लागत नाही. प्रत्येकाची बाटली बाकावर असते. चार शास्त्रांच्या एवढ्या मोठ्या अभ्यासातून माझ्यासारख्या कलाशाखेच्या शिक्षकाने काय उचलले, असे कोणी विचारील तर मी ती बाटली दाखवीन. गोष्ट क्षुल्लक आहे खरी. पण ती मला आधीच ठाऊक असती, तर एक मुलगा तिसऱ्या फेरीत खाली बसला नसता.