सोंगणीपूर्वी विळ्याची धार

बुलडाणा जिल्ह्यात सप्टेंबरअखेर सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या, की चिखली, मेहकर, लोणार परिसरात विळे बाहेर निघतात. सोंगणीस उशीर झाल्यास वाळलेल्या शेंगा तडकून दाणे शेतातच सांडतात. विळा बोथट असेल तर वेळेवरच्या सोंगणीतही तेच घडते. झाड कापले न जाता ओढले जाते, हिसक्याने शेंगा फुटतात आणि उपटलेल्या मुळांबरोबर माती मळणीयंत्रात जाते. जोर लावताना हात कापण्याचा धोका वेगळाच. म्हणूनच धार लावण्याची रीत नवख्यानेही समजून घेणे हिताचे आहे.

दगडाची निवड

धार लावणे म्हणजे पोलाद घासून त्याची कड पातळ करणे. त्यासाठी दगडाचे कण पोलादापेक्षा कठीण हवेत. जिल्ह्यातील काळ्या बेसॉल्टमधील खनिजांचा कठीणपणा मोहस्‌च्या १० अंकी मापनावर साधारण ६ च्या आसपास असतो. त्यामुळे बांधावरचा दगड अडीनडीला चालतो, पण काम संथ होते. कुरुंदाचा कठीणपणा ९ असतो. बाजारातील अनेक काळसर दगड सिलिकॉन कार्बाइडचे असतात. हा पदार्थ तर कुरुंदाहूनही कठीण. दगडाची एक बाजू जाड व दुसरी बारीक कणांची असल्यास नवख्याला तो एकच पुरतो. क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक. पाण्यावर वापरायच्या दगडाला तेल लावू नये. छिद्रे बुजून तो निकामी होतो.

आधी सुरी, मग विळा

सरळ पात्याच्या सुरीवर सराव करणे सोपे. दगड ओल्या फडक्यावर पक्का ठेवावा आणि सुरी फिरवावी. पाते ४ सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे १ सेंटिमीटर उचलल्यास १५ अंशांचा कोन साधतो. हा कोन शेवटपर्यंत न बदलणे, हेच यातील मर्म. एका बाजूने घासत गेल्यावर दुसऱ्या बाजूला बारीक खरखर जाणवते; कड तिकडे वळल्याची ती खूण होय. ती संपूर्ण लांबीवर येईपर्यंत बाजू बदलू नये. शेवटी बारीक बाजूवर दोन्हीकडून हलके हात मारून ही खरखर काढून टाकावी. धारेची परीक्षा बोटाने नव्हे, कागद कापून घ्यावी.

विळ्याचे पाते वक्र असल्याने रीत उलटी होते. विळा पक्का धरून छोटा दगड धारेवरून मुठीकडून टोकाकडे फिरवावा. बोटे धारेच्या मागेच राहतील याची दक्षता घ्यावी. दातेरी विळ्याचे दात मात्र दगडावर घासू नयेत. मागची सपाट बाजू तेवढी हलकेच घासावी.

यंत्राचा मोह

वेगाने फिरणाऱ्या चाकावर धार झटपट होते. परंतु पाते तापून निळसर झाले, तर लोहाराने दिलेले ‘पाणी’ उतरते. असा विळा चकाकतो, मात्र काही तासांतच बोथट होतो. चाकच वापरायचे असल्यास पाते वारंवार पाण्यात बुडवावे.

सोयाबीनचे वाळके खोड धार लवकर उतरवते. त्यामुळे एकदाच पुष्कळ घासण्यापेक्षा विसाव्याच्या वेळी दोन मिनिटे बारीक दगड फिरवणे अधिक फलदायी ठरते. विळाही त्यामुळे अधिक हंगाम टिकतो.