बेसबॉलची घडण (भाग ५) : सरासरी कोणाची?

नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीग कशा उभ्या राहिल्या, ते गेल्या आठवड्यात पाहिले. आज त्यांतल्या फलंदाजांकडे वळू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सर्वोत्तम फलंदाज कोण, हे एकाच आकड्यावरून ठरे : सरासरी. क्रिकेटची सरासरी धावांची, ही हिटची. फटका मारून फलंदाज सुखरूप बेसवर पोहोचला की एक हिट. एकूण हिटना फटका मारण्याच्या संधींनी भागायचे. दहा संधींत तीन हिट, म्हणजे ०.३००, जमले तरी फलंदाज नामांकित ठरतो.

त्या काळी हे फारच अवघड होते. एकच चेंडू शक्य तितका वेळ वापरला जाई. माती, थुंकी आणि तंबाखूने तो काळा आणि मऊ पडे. चेंडूला थुंकी लावण्यास नियमाची आडकाठी नव्हती. त्यातच, पहिले दोन फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) स्ट्राइक (तीन झाले की फलंदाज बाद) धरण्याचा नियम नॅशनल लीगने १९०१ मध्ये आणि अमेरिकन लीगने १९०३ मध्ये आणला. १९०८ साली दोन्ही लीगची एकूण सरासरी जेमतेम ०.२३९ होती. फ्रँक बेकर १९११ मध्ये अवघ्या ११ होमरनवर अमेरिकन लीगमध्ये पहिला आला!

ताकदीने चेंडू लांब जात नसल्याने मोकळी जागा हेरणे हीच खरी कला ठरली. पिट्सबर्गचा होनस वॅग्नर आणि डेट्रॉइटचा टाय कॉब दोन हातांत अंतर ठेवून बॅट धरत. त्यामुळे ऐन वेळी चेंडू हळूच बेसलाइनजवळ ठेवायचा की क्षेत्ररक्षकांमधून काढायचा, हे ठरवता येई. वॅग्नर आठ वेळा नॅशनल लीगचा सरासरीतला विजेता ठरला. कॉबने १९०८ मध्ये ०.३२४ च्या सरासरीने अमेरिकन लीग जिंकली. हा आकडा ०.२३९ च्या शेजारी ठेवला, तरच त्याचे मोल कळते.

पण सरासरी एकट्या फलंदाजाच्या हातात नसते, हे १९१० ने दाखवले. सर्वाधिक सरासरीच्या खेळाडूला चाल्मर्स कंपनीची मोटार मिळणार होती. शर्यत कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजवे यांच्यात होती. आघाडी जपण्यासाठी कॉब शेवटचे सामने खेळलाच नाही. ९ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये क्लीव्हलँडचे एकाच दिवशी दोन सामने झाले. लाजवे जिंकावा म्हणून सेंट लुईस संघाचा व्यवस्थापक जॅक ओकॉनर याने आपल्या तिसऱ्या बेसवरच्या नवख्या खेळाडूला खूप मागे उभे केले. लाजवेने बहुतेक वेळा त्या रिकाम्या जागेत चेंडू ठेवून दिवसभरात आठ हिट मिळवल्या. ओकॉनरची नोकरी गेली. लीगने कॉबला विजयी ठरवले, पण कंपनीने मोटार दोघांनाही दिली. पुढे १९८१ मध्ये उघड झाले, की कॉबचा एक सामना वहीत दोनदा नोंदला गेला होता. तरीही अधिकृत निकाल बदलला नाही.

वहीतली याहून मोठी उणीव मात्र माणसांची होती. कृष्णवर्णीय खेळाडूंना या लीगची दारे बंद होती. १९१० च्याच अखेरीस डेट्रॉइटचा संघ हवानाला गेला. तिथे कॉबविरुद्ध खेळलेल्या जॉन हेन्री लॉइड या कृष्णवर्णीय खेळाडूची सरासरी कॉबपेक्षा सरस ठरली. २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले आणि कारकिर्दीच्या सरासरीत कॉबच्या ०.३६७ वर निग्रो लीगमधल्या जॉश गिब्सनचे ०.३७२ आले. पण ही भर १९२० पासूनच्या सामन्यांची आहे. लॉइडची उमेदीची वर्षे त्याआधीची. म्हणून त्या काळच्या यादीत पहिले नाव वाचताना, ती यादी कोणाला वगळून बनली हेही सांगितले पाहिजे. कॉबचे कौशल्य खरेच होते. त्याला तोडीस तोड असणाऱ्यांना मात्र त्या लीगमध्ये खेळूच दिले गेले नाही.

पुढील आठवड्यात : १९२० चे नवे नियम, स्वच्छ चेंडू आणि बेब रूथचे ५४ होमरन.