विद्यापीठातील लैंगिक छळ : तक्रार कुठे करायची, आधार कोणाचा घ्यायचा

विद्यापीठात छळ करणाऱ्याच्या हाती अनेकदा काही ना काही सत्ता असते. प्रगती अहवालावरची मार्गदर्शकाची सही, प्रात्यक्षिकाचे गुण, शिफारसपत्र, संघातली निवड, यांपैकी काहीही अडवता येते. त्या भीतीने कित्येक विद्यार्थिनी गप्प राहतात, मार्गदर्शक बदलतात किंवा शिक्षणच सोडतात. म्हणून उच्च शिक्षणासाठीच्या नियमांत दोन गोष्टींना महत्त्व आहे : चौकशी चालू असताना तक्रारदाराला त्या सत्तेपासून संरक्षण देणे आणि चौकशी न्याय्य रीतीने पूर्ण करणे.

हे नियम दीर्घ लढ्यातून आले. राजस्थानातील कार्यकर्त्या भंवरीदेवी यांच्यावरील अत्याचारानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांची अंमलबजावणी होत नाही, हा प्रश्न पुण्याच्या मेधा कोटवाल-लेले यांनी न्यायालयापुढे नेला. तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानावा, असे त्या प्रकरणात ठरले. २०१३ मध्ये याच विषयावर कायदा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले.

छळ कशाला म्हणायचे?

नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रफिती दाखवणे किंवा पाठवणे हे सर्व छळात मोडते. ‘ऐकलेस तर गुण मिळतील’ असे सुचवणे किंवा नकार दिल्यावर संशोधन अडवणे हाही छळच आहे. विद्यापीठाचा परिसर फाटकाशी संपत नाही. शैक्षणिक सहल, क्षेत्रभेट, इंटर्नशिप, शिबिर, युवा महोत्सव, क्रीडास्पर्धा आणि संस्थेची वाहतूक यांनाही विनियम लागू आहेत. छळाला बळी पडणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया असल्या, तरी काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही त्याला बळी पडू शकतात, हे विनियमांनी मान्य केले आहे.

समिती आणि तक्रार

प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला अध्यापक असते. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि स्वयंसेवी संस्थेचा किंवा या विषयाचा जाणकार असा एक बाहेरचा सदस्य असतो. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. निम्म्याहून कमी स्त्रिया असलेली समिती चालत नाही. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना सदस्य होता येत नाही, कारण प्रशासनाचा दबाव निर्णयावर येऊ नये.

तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. त्रास वारंवार झाला असेल, तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. लिहिणे जमत नसेल, तर त्यासाठी मदत करणे समितीचे काम आहे. शारीरिक किंवा मानसिक अवस्थेमुळे स्वतः तक्रार करणे शक्य नसल्यास मित्रमैत्रिणी, नातेवाईक, सहाध्यायी किंवा मानसोपचारतज्ज्ञही ती देऊ शकतात.

तक्रारीत तारीख, वेळ, ठिकाण, घडलेला प्रसंग आणि तिथे हजर असलेल्यांची नावे क्रमाने असावीत. व्हॉट्सॲपवरील संदेश, ई-मेल, कॉलची यादी पुसू नये. त्यांच्या प्रती सुरक्षित ठेवाव्यात. तक्रार दिल्याची पोच घ्यावी. साक्षीदार नाही म्हणून तक्रारच करू नये, असे मात्र मुळीच नाही.

चौकशी चालू असताना

तक्रारदाराच्या विनंतीवरून समिती अंतरिम उपाय सुचवू शकते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तिचे पेपर तपासण्यापासून आणि तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. त्याला अंतर राखण्याची ताकीद देता येते, दोघांपैकी एकाचा विभाग बदलता येतो आणि तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. ओळख आणि कामकाज गोपनीय ठेवणे सर्वांवर बंधनकारक आहे.

तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला जाते आणि त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे असते. चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यायचा, असा क्रम आहे. अपील करायचे असल्यास ३० दिवसांची मुदत आहे. समेट तक्रारदाराने मागितला तरच होऊ शकतो आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही.

वेग हवा, पण घाई नको, हे गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाने दाखवले. २००९ मध्ये एका अध्यापकाविरुद्धच्या चौकशीत ३९ दिवसांत १८ बैठका झाल्या. त्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींसाठी चौदा वर्षांनंतरही निकाल अधांतरीच राहिला. दोन्ही बाजूंना नीट ऐकून घेणे तक्रारदाराच्याही हिताचे आहे, ते यासाठी.

दोष सिद्ध झाल्यास कर्मचाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. विद्यार्थ्याच्या सवलती काढून घेता येतात, त्याला निलंबित करता येते किंवा संस्थेतून काढून टाकता येते. पीडितेला भरपाईही देता येते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्याने तक्रार खोटी ठरत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचे चौकशीत दिसले, तरच कारवाई होते.

पोलीस, वकील आणि मनाचा आधार

समितीकडे गेल्याने पोलिसांची वाट बंद होत नाही. लैंगिक छळ, पाठलाग, चोरून चित्रण हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत. हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात ‘शून्य क्रमांका’ने गुन्हा नोंदवता येतो आणि विद्यार्थिनीला पोलिसांत जायचे असेल, तर समितीने साहाय्य करायचे असते. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मानसिक आधारासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. ‘सखी’ वन स्टॉप केंद्रात वैद्यकीय, कायदेशीर आणि समुपदेशनाची मदत एका छताखाली मिळते.

बहुतेकदा पहिली गोष्ट कळते ती खोलीतल्या मैत्रिणीला किंवा विश्वासातल्या शिक्षकाला. ‘तू तिथे गेलीसच का?’ हा प्रश्न तिथेच तक्रार संपवू शकतो. ऐकून घेणे, तिला काय हवे ते विचारणे, तिच्या संमतीशिवाय गोष्ट पुढे न नेणे आणि समितीपुढे जाताना सोबत करणे, एवढे जवळच्यांनी केले तरी नियमांनी दिलेले हक्क वापरण्याचे बळ तिला मिळते.