वांग्याचे घनफळ आणि हृदयाचा कप्पा

वर्गात दोन वांगी न्यावीत. एक लांबट आणि सरळ, दुसरे एका बाजूने फुगलेले. ‘पाण्यात न बुडवता यांचे घनफळ सांगा,’ असे विद्यार्थ्यांना विचारावे. हृदयतज्ज्ञांपुढे रोज हाच प्रश्न असतो. त्यांचे वांगे मात्र मिनिटाला सत्तर वेळा आकसते.

हृदयाची डावी जवनिका (डावे निलय) शरीरभर रक्त ढकलते. ती भरलेली असताना तिच्यात १२० मिलीलिटर आणि आकसल्यावर ५० मिलीलिटर रक्त असेल, तर दर ठोक्याला ७० मिलीलिटर बाहेर पडते. म्हणजे भरलेल्या रक्ताच्या सुमारे ५८ टक्के. अहवालातील ‘ई.एफ.’ तो हाच. हृदय दुबळे झालेल्या रुग्णात हा आकडा औषधोपचारानंतरही ३५ किंवा त्याखाली राहिला, तर छातीत विजेचा झटका देणारे उपकरण बसवण्याचा विचार होतो. मग ३३ की ३८, हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनींवरून हृदयाची हालचाल नोंदवली. पुढे याच तंत्राने एका रेषेवर जवनिकेचा व्यास मोजून, मुख्यतः त्याच्या घनावरून घनफळ काढू लागले. यातला धोका आपण लगेच पाहू शकतो. ५ चा घन १२५, ५.५ चा १६६. व्यासात दहावा हिस्सा चूक, तर घनफळात तिसरा हिस्सा! शिवाय झटक्यानंतर जवनिका एका बाजूने फुगली असेल, तर ती रेषा फुगवट्याला शिवतही नाही.

आता ‘इको’मध्ये परस्परांना काटकोनात असलेल्या दोन छेदांवर कड आखतात आणि आतल्या जागेच्या वीसेक चकत्या कल्पून त्यांची बेरीज करतात. (हिला सर्रास सिम्प्सनची पद्धत म्हणतात, पण गणिताच्या शिक्षकांनी तिच्यात १-४-१ शोधू नये; ही साधी बेरीज आहे.) छेद टोकातून न जाता तिरका गेला, की जवनिका आखूड दिसते आणि घनफळ कमी येते. गंमत अशी, की १२० च्या जागी १०० आणि ५० च्या जागी ४२ आले, तरी उत्तर ५८ टक्केच! चूक झाकली जाते. मात्र दोन्ही मापे नेहमी सारख्याच प्रमाणात चुकत नाहीत.

एमआरआयमध्ये तळापासून टोकापर्यंत सुमारे ८ मिलिमीटर जाडीच्या चकत्या प्रत्यक्ष दिसतात. आकाराचा अंदाज करावा लागत नाही, म्हणून इतर पद्धती तिच्याशी ताडून पाहतात. तरी झडपेजवळची शेवटची चकती मोजायची की नाही, आतले मांसल खांब रक्तात धरायचे की स्नायूत, हे माणूसच ठरवतो. ठोके अनियमित असले तर चित्र फिसकटते. सीटीची चित्रे रेखीव असतात, पण क्ष-किरण आणि आयोडीनयुक्त द्रव्य घ्यावे लागते. किरणोत्सारी टेक्नेशियमची पद्धत आम्हाला सर्वांत चतुर वाटते. तिच्यात तांबड्या पेशींना खूण करून जवनिकेतून येणारे किरण मोजतात. आकाराचा प्रश्नच उरत नाही.

डॉक्सोरुबिसिनसारखी कर्करोगावरील औषधे हृदयाला इजा करू शकतात, म्हणून ई.एफ. पुन्हा पुन्हा मोजतात. पहिले माप इकोने आणि दुसरे एमआरआयने घेतले, तर ६ टक्क्यांची घट हृदयाची की यंत्राची? म्हणून शक्यतो पद्धत तीच ठेवतात.

आता आपली वांगी घ्यावीत. आधी एकाच व्यासावरून घनफळ काढावे, मग १ सेंटिमीटरच्या चकत्या करून. शेवटी त्या चकत्या मोजपात्रात बुडवाव्यात. वांगे तरंगते, सुईने दाबून धरावे. फुगीर वांग्याची तिन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.