मण्यांच्या मागावर श्रमाचे मोल

सुगी आटोपली, खळी रिकामी झाली, की तालुक्याच्या गावी जत्रा व कृषी प्रदर्शने भरू लागतात. बियाणे, अवजारे आणि स्पर्धेसाठी आलेली टपोरी कणसे पाहून झाली म्हणजे शेतकरी कुटुंबाची पावले हस्तव्यवसायाच्या दालनाकडे वळतात. तेथे खड्डामागावर विणलेली घोंगडी असतात, बुरुडकामाच्या सुपल्या-टोपल्या असतात. आणि मण्यांच्या लहानशा मागावर महिलांनी विणलेल्या मनगटपट्ट्या, गळपट्टे व तोरणेही कोठे कोठे दिसतात. पाहणारा वस्तू हाती घेतो, कौतुक करतो आणि किंमत ऐकताच विचारतो, “एवढ्याशा मण्यांना एवढे पैसे?”

या एका प्रश्नाचे उत्तर कारागिरापाशी तयार असले पाहिजे. ते नसेल तर गर्दी होते, माल खपतोही; परंतु कारागीर घरी परततो तो आपली मजुरी गमावून.

ओवणे निराळे, विणणे निराळे

मणी आपल्या घरांना नवे नाहीत. मंगळसूत्र व पोत गाठविणारे पटवेकरी गावोगावी परिचित आहेत. रुखवतात मण्यांचे तोरण मांडण्याची हौसही जुनीच. सौराष्ट्रातील मोतीभरताची ख्याती मोठी आहे. पण ही सारी कामे सुई-दोऱ्याची. त्यांना माग लागत नाही.

मागावरचे मणीकाम हे खरेखुरे विणकाम होय. लाकडी चौकटीवर उभे धागे ताणून बांधतात. पट्टीच्या रुंदीत जितके मणी, त्याहून एक धागा अधिक घ्यावा लागतो. पंधरा मण्यांच्या पट्टीस सोळा धागे. नक्षी आधी चौकडीच्या कागदावर रंगवितात. एक चौकट म्हणजे एक मणी. त्या क्रमाने एका ओळीचे मणी लांब सुईत भरून ते उभ्या धाग्यांच्या खालून आणतात व बोटाने वर दाबतात, म्हणजे प्रत्येक मणी दोन धाग्यांच्या मधोमध बसतो. नंतर तीच सुई धाग्यांच्या वरून त्याच मण्यांतून परत काढतात. अशा रीतीने आडवा धागा उभ्या धाग्यांना खालून व वरून धरून ठेवतो आणि ओळ पक्की होते.

सुई परत येताना एखाद्या धाग्याच्या खालून गेली तर तेथील मणी सैल राहतो. मणी लहानमोठे असले तर पट्टीची कड वाकडी होते. म्हणून विणण्यापूर्वी मणी निवडून घेणे हे धान्य निवडण्याइतकेच आवश्यक आहे.

न दिसणारे श्रम

घोंगड्याची गोष्टही अशीच आहे. दख्खनी मेंढीची लोकर कातरणे, ती स्वच्छ करून पिंजणे, सूत कातणे, ताणा लावणे, त्यास चिंचोक्याची खळ देणे आणि मग विणणे, इतके सारे एका घोंगड्यामागे असते. गिऱ्हाइकाला मात्र घडी घातलेले घोंगडे तेवढे दिसते.

म्हणून हिशेब मांडणे अगत्याचे आहे. उदाहरणादाखल पंधरा मणी रुंद व शंभर ओळी लांब अशी पट्टी घेऊ. तिला १,५०० मणी लागतात. एका ओळीस दीड मिनिट धरले तर १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास झाले. मणी निवडणे, धागे ताणणे व शेवटी टोके गुंतविणे यांस एक तास धरू. एकूण साडेतीन तास. मजुरी ताशी ५० रुपये मानली तर श्रमाचे १७५ रुपये, मणी व धागा ६० रुपये आणि प्रवास-मुक्कामाचा वाटा २५ रुपये, असे २६० रुपये होतात. यात नफा अद्याप धरलेलाच नाही.

गिऱ्हाइकाने घासाघीस करून हीच पट्टी १५० रुपयांस नेली, तर साहित्य व प्रवास वजा जाता हाती ६५ रुपये उरतात. म्हणजे ताशी १९ रुपयांहूनही कमी! जी गृहिणी शेतातील खुरपणीला एवढ्या मजुरीवर कधीच जाणार नाही, तीच आपल्या कलेला मात्र त्या भावात विकते. कारण एवढेच, की खुरपणीचे तास मोजले जातात आणि मागावरचे मोजले जात नाहीत.

प्रदर्शनात काय करावे

केवळ तयार वस्तू मांडू नयेत. माग सोबत न्यावा व गिऱ्हाइकासमोर विणावे. चार ओळी विणताना पाहिल्या की किमतीचा प्रश्न पुष्कळ अंशी आपोआप सुटतो. प्रत्येक वस्तूस चिठ्ठी बांधावी. तीवर विणणाऱ्याचे नाव, गाव, साहित्य, लागलेले तास व किंमत लिहावी. उत्तम नमुने विकून टाकू नयेत. ते दाखवून मागणी नोंदवावी व काही रक्कम आगाऊ घ्यावी. थोड्या पैशांत वस्तू हवी असणाऱ्यांसाठी कमी ओळींची लहान वस्तू ठेवावी, परंतु मोठ्या वस्तूची मजुरी तोडू नये.

नावाचे महत्त्व किती, हे कोल्हापुरी चपलेने दाखवून दिले आहे. महाराष्ट्र व कर्नाटक यांतील या कलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे एका मोठ्या परदेशी कंपनीने तशाच धाटणीची पादत्राणे मूळ कारागिरांच्या उल्लेखावाचून मांडली, तेव्हा सर्वत्र टीका झाली आणि त्या कंपनीस भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले.

कार्यकर्त्यांची जबाबदारी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या गावातील कारागिरांची यादी करावी. हस्तकला कारागिरांस केंद्र शासनाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून ‘पहचान’ ओळखपत्र मिळते. त्यासाठी अर्ज भरण्यास साहाय्य करावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुतार, लोहार, कुंभार, टोपल्या-चटया-झाडू करणारे अशा १८ व्यवसायांसाठी आहे. मणीकाम त्यात स्वतंत्रपणे नमूद नाही. तेव्हा खोटी आशा न दाखविता योग्य मार्गच सांगावा. महिला गटांनी ‘उमेद’ अभियानामार्फत जिल्ह्याच्या व मुंबईच्या प्रदर्शनांत स्थान मिळविण्याचा प्रयत्न करावा.

याखेरीज एक साधे काम प्रत्येक कार्यकर्त्यास करता येईल. कारागिराच्या घरी एक वही ठेवावी आणि प्रत्येक वस्तूचे साहित्य व तास तीत लिहावयास शिकवावे. शेतकरी बियाण्याचा व खताचा खर्च जसा टिपून ठेवतो, तसाच कारागिराने आपल्या वेळेचा खर्च टिपावा. मग दालनात कोणी “एवढे पैसे कशाचे?” असे विचारले, तर मागामागे बसलेल्या भगिनीस मान खाली घालावी लागणार नाही, ती वही उघडून दाखवील.