दुभाषी चुकतो तेव्हा

भाषांतरकाराची चूक पुष्कळदा मूळ लेखकाच्या माथी बसते. संगणकांच्या जगातही हाच न्याय चालतो! संगणकाला कळतात केवळ आकडे. माणसाला ते लक्षात ठेवणे जड. म्हणून माणूस आपल्या आज्ञा ‘एलडीए’, ‘जेएमपी’ अशा त्रोटक शब्दांत लिहितो आणि ‘असेम्ब्लर’ नावाचा दुभाषी त्यांचे आकडे करून देतो. पण हा दुभाषीच चुकला तर? यंत्र अडते, आणि बिचारा लेखक रात्रीच्या रात्री आपल्या निर्दोष लेखनात दोष शोधीत बसतो.

१९७५ साली अमेरिकेतील एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने ‘६५०२’ हा मायक्रोप्रोसेसर अवघ्या २५ डॉलरांना विकायला काढला. पुढे ॲपल-२ या घरगुती संगणकाचा तोच मेंदू झाला. त्याला स्मृतीचे ६५,५३६ खण हाताळता येतात. पैकी पहिल्या २५६ खणांचा पत्ता एका बाइटात मावतो. म्हणून त्यांच्यासाठीची ‘एलडीए’ आज्ञा दोन बाइटांत आटोपते. इतर खणांसाठी मात्र तीन बाइट लागतात.

दुभाष्याची गफलत होते ती येथेच. असेम्ब्लर सहसा मजकूर दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात कोणते नाव कोणत्या खणात पडते याची यादी करतो. दुसऱ्यात आकडे लिहितो. एखादे नाव आधी वापरले आणि त्याचा पत्ता मागाहून सांगितला, तर पहिल्या वाचनात तो तीन बाइट धरून चालतो. चांगला असेम्ब्लर हे तीन बाइट शेवटपर्यंत सोडीत नाही, निदान तक्रार तरी करतो. ढिसाळ असेम्ब्लर मात्र दुसऱ्या वाचनात पत्ता लहान निघालेला पाहून गुपचूप दोनच बाइट लिहितो. अनुक्रमणिका छापून झाल्यावर प्रस्तावनेतले एक पान गाळावे, तसा हा प्रकार! पुढचा सारा मजकूर एक घर मागे सरकतो आणि यादीतले पत्ते खोटे ठरतात.

यावर तोडगा साधा आहे. लहान पत्त्यांची नावे मजकुराच्या आरंभीच सांगून टाकावीत. तरीही असेम्ब्लर ऐकेना, तर ती आज्ञा शब्दांत न लिहिता तिचे आकडेच ‘बाइट’ या सूचनेखाली जसेच्या तसे मांडावेत, आणि असे का केले याची टीप शेजारी लिहावी. ती नसेल तर पुढचा वाचक ‘सुधारणा’ करून मूळचा घोटाळा परत आणील.

मात्र दुभाष्याला बोल लावण्यापूर्वी त्याने लिहिलेले आकडे पुस्तिकेशी ताडून पाहावेत. कधी आकडे बरोबर असतात आणि चूक असते खुद्द चिपमध्ये. शेजारच्या दोन खणांत पत्ता ठेवून ‘तेथे लिहिलेल्या ठिकाणी जा’ असे ६५०२ ला सांगता येते. पण त्यातला पहिला खण २५६ खणांच्या गटातला शेवटचा असेल, तर पत्त्याचा दुसरा भाग पुढच्या गटातून न घेता हा गृहस्थ त्याच गटाच्या पहिल्या खणातून उचलतो! तेव्हा असा पत्ता गटाच्या कडेवर ठेवू नये, हाच शहाणपणा. पुढे ‘६५सी०२’ या चिपमध्ये ही खोड काढून टाकण्यात आली.

ॲपलसाठी बेसिक भाषा लिहिताना स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्यापाशी असेम्ब्लर नव्हता. कागदावर आज्ञा लिहून त्यांचे आकडे त्यांनी हातानेच काढले. एवढे कष्ट आज कोणी घ्यावेत असे नाही. परंतु ही जुनी यंत्रे हौसेने जपणाऱ्याने आकडे वाचण्यापुरती तरी ओळख ठेवावी. मग दुभाषी चुकला, तरी काम अडून राहत नाही.